दोन कप्प्यांचा सशांचा पिंजरा, विणीच्या खोक्यासकट: घ्यावा की नाही?

मादी ठेवून घरी पिल्लं घ्यायची असतील तर हा पिंजरा जरूर घ्या, पण मुलांच्या हौसेखातर एकच ससा आणणार असाल तर यावर पैसे घालू नका, त्याला फिरायला मोकळी खोली आणि लपायला एक कोपरा मिळाला की पुरतं. जाहिरातीत दोन्हीसाठी बेस्ट म्हणून लिहिलंय म्हणून हे आधीच सांगून टाकते. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच माल ऑनलाइन तीन-चार नावांनी विकला जातो. फोटोवरून ओळखाल: चार फूट लांब, दोन फूट रुंद, मधे सरकत्या दाराचं पार्टिशन, खाली पत्र्याचे दोन ट्रे, वर पत्र्याचं झाकण आणि बाजूला अडकवायचा लाकडी खोका. आमचं घर सोलापुरात, पिंजरे मागच्या पडवीत, माद्या न्यूझीलंड व्हाइट जातीच्या आणि नर सोव्हिएत चिंचिला जातीचा.

सगळ्यात भारी काय असेल तर तो खोका. दीड फूट लांब, एक फूट रुंद, तळाला बारीक भोकं आहेत म्हणजे मूत साचत नाही, आणि आत जायच्या तोंडाशी सहा इंच उंचीची पट्टी ठेवलीय. ही पट्टी बघूनच मी ऑर्डर केली, कारण पिल्लं दूध पिताना सडाला इतकी घट्ट चिकटून असतात की आई उठून बाहेर निघाली की एखादं लोंबकळत तिच्यासोबत जाळीवर येतं, आणि मांजर जसं पिल्लू तोंडात धरून परत नेतं तसं सशीण करत नाही, तिच्या लेखी ते गेलंच. पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात, पहिला आठवडा-दहा दिवस स्वतःची ऊब स्वतःला धरता येत नाही, त्यामुळे जाळीवर पडलेलं पिल्लू अगदी गरम हवेतसुद्धा गार पडून मरतं. पट्टी असली की ते तिथंच आपटून सुटतं आणि आतच राहतं. आमच्याकडे आधी फळांचा खोका वापरायचो, त्याच्यापेक्षा हा कितीतरी चांगला.

फक्त खोका पहिल्या दिवसापासून लावून ठेवू नका, जे माहितीपत्रकात लिहिलंय ते चूक आहे. मादी नराला लावल्यापासून साधारण ३१ दिवसांनी विते, तर २८व्या दिवशी खोका लावायचा. आधी लावला की मादी त्यातच लेंड्या टाकते आणि मग पिल्लं घाणीत. आत सुकं गवत किंवा मऊ काड भरून द्या, विण्याच्या आधी ती स्वतःच्या छाती-पोटाचे केस उपटून त्यात गादी करते, तो कापसासारखा ढीग दिसला की समजायचं आज-उद्या. व्याल्यावर मेलेलं पिल्लू असेल तर काढा आणि बाकीच्यांना केसांखाली झाकून ठेवा. अजून एक, नवीन लोक घाबरून जातात की आई पिल्लांजवळ बसतच नाही, पण ससा दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजतो, तेही रात्री नाहीतर पहाटे आणि तीन-चार मिनिटांत उरकतो. सकाळी पिल्लांची पोटं गोल टम्म दिसली की झालं. सुरकुतलेली दिसली तरच काळजी, आणि तेव्हा दुसरी मादी त्याच सुमारास व्यालेली असेल तर दोन पिल्लं तिच्याखाली सरकवता येतात, म्हणून मी दोघींना एकाच वेळी नराला लावते. दहा-बारा दिवसांत डोळे उघडतात, अठरा-वीस दिवसांनी ती आपणहून पट्टी ओलांडून बाहेर यायला लागतात.

जाळीबद्दल. खालची जाळी अर्धा बाय एक इंच भोकाची आहे, हे माप बरोबर, लेंडी खाली पडते आणि पिल्लांचे पाय अडकत नाहीत. वेल्डचे टोकदार कण हात फिरवून बघितले, गुळगुळीत आहेत. तरी नुसत्या तारेवर मोठा ससा दिवसरात्र बसला की मागच्या पायांच्या टाचांना फोड येतात, मोठ्या, जड जातीत तर जास्तच, म्हणून प्रत्येक कप्प्यात एक फळी टाका, ओली झाली की धुवून उन्हात टाकायची. ती फळी सेटमध्ये यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आता ट्रे. एकदम फालतू. सशाच्या मुतात चुना भरपूर असतो, पांढरा थर धरतो आणि तो व्हिनेगरशिवाय निघत नाही, पत्रा इतका पातळ की सांध्यांना काही महिन्यांतच गंज धरला. आणि मूत साचून राहिलं की जो उग्र वास सुटतो ना त्याने सशांचं नाक वाहायला लागतं, शिंका येतात, पुढे फुफ्फुसापर्यंत जातं. मी भांड्यांच्या दुकानातून मोठे प्लास्टिकचे ट्रे आणले, रोज सकाळी ओतायचे, लेंड्या थेट कुंड्यांना, त्या तर ताज्याच घातल्या तरी झाडं जळत नाहीत.

सोबत पाण्याची जी बाटली येते ती पाव लिटरची. पाजणारी मादी उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते, तिला पाणी कमी पडलं की दूध आटलंच. डब्याला पाइप लावून निपल (चाटलं की पाणी येतं ती तोटी) बसवा. दाण्याचं फुकट पाकीट आलं ते रंगीत मक्याचं होतं, ते बाजूला ठेवलं. सशाला मुख्य चारा गवतच, मारवेल, पवना, सुकवलेलं चालतं, पाजणाऱ्या मादीला वर लसूणघास आणि थोडी पेंड-भरड. कोंबड्यांचं खाद्य मात्र कधीच देऊ नका, त्यातली काही औषधं सशाला विषारी असतात.

वरचं पत्र्याचं झाकण तर मी काढूनच टाकलं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्रा तापला की पिंजऱ्याची भट्टी होते. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून आणि श्वासातूनच बाहेर जाते. तिशीच्या वर तापमान बरेच दिवस राहिलं की नराचं बी कमजोर पडतं आणि सुधारायला दीड-दोन महिने जातात, त्यामुळे जूनमध्ये मादी फळत नाही म्हणून मादीला दोष देऊ नका. वर ओलं गोणपाट, दुपारी आत पाण्याची गोठवलेली बाटली. हिवाळ्यात वीण घेणं सगळ्यात बरं.

सरकत्या दाराचं पार्टिशन उपयोगी आहे, पण जाहिरातीत जोडी एकत्र ठेवा म्हटलंय तसं करू नका. मादी व्याली की त्याच दिवशी परत गाभण राहू शकते, पोटात एक वीण आणि अंगावर एक वीण, महिन्या-महिन्याला असं झालं तर ती खंगून जाते. माझ्यासाठी हा यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. पिल्लं पाच-सहा आठवड्यांनी आईच्या दुधावरून तोडायची, मादीला अंग भरायला वेळ द्यायचा, मगच पुढचं. लावायचं तेव्हा मादीला नराच्या कप्प्यात न्या, नराला तिच्याकडे नाही, स्वतःच्या जागेत ती त्याला चावते. काम काही सेकंदांचं असतं, नर एका अंगावर पडला की झालं, लगेच मादीला परत आणा. तोडलेली पिल्लं तीन महिन्यांची व्हायच्या आत नर वेगळे मादी वेगळ्या करा, नाहीतर बहीणभावंडांतच वीण सुरू होते.

पाय दोन फुटी आहेत ते चांगलं, घुशी वर येत नाहीत. मुंग्यांसाठी प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवाच, खोक्यातल्या उघड्या पिल्लांना मुंग्या लागल्या तर एका रात्रीत अख्खी वीण जाते. दाराची कडी ढिली येते, बाइंडिंगच्या तारेने आवळून घेतली.

पाचपैकी चार, तो खोका आणि जाळी यांच्यासाठी. एक मार्क ट्रेचा कापला. ऑर्डर करताना खोका सेटमध्येच आहे का वेगळा घ्यावा लागतो हे विक्रेत्याला विचारून घ्या, काही नावांखाली हाच पिंजरा खोक्याशिवाय येतो, आणि त्याशिवाय हा घेण्यात अर्थ नाही, तेवढ्या पैशात गावातला वेल्डिंगवाला यापेक्षा जाड तारेचा करून देईल.