तांबूचा छातीपट्टा: देवगडच्या सड्यावर साडेनऊ महिने

आधीच सांगते, माझ्या कुत्रीचा, तांबूचा, छातीपट्टा (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा, म्हणजे हार्नेस) अजून वापरात आहे. पण कंपनीनं पाठवला तसा त्यातला निम्माच उरलाय. बाकीचा निम्मा देवगड बंदरातल्या होडीसामानाच्या दुकानातून आणि स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडून आलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या प्रकारचे सगळे पट्टे थोड्याफार फरकानं सारखेच असतात आणि माझ्या तक्रारीही त्या सगळ्यांनाच लागू पडतील.

तांबू गावठी कुत्री. वजन साडेसोळा किलो, छाती खोल, कंबर बारीक. आमचा रोजचा रस्ता घरामागची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, तिथून आंब्याच्या कलमांच्या बागांच्या गडग्यांमधून (चिऱ्यांच्या बुटक्या कुंपणभिंती) आणि मग राईच्या, दाट झाडीच्या, कडेनं खाली वाघोटन खाडीपर्यंत. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. मुंबईहून गावी येऊन राहिल्यावर पहिलं वर्षभर ती मोकळीच फिरायची. मग भात पिकायच्या दिवसांत गडग्याच्या खिंडारात एक फासकी दिसली. क्लचवायरची, डुकरासाठी लावलेली, बरोबर तांबूच्या गळ्याच्या उंचीवर. त्या दिवशी ती माझ्या मागून येत होती म्हणून निभावलं. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून पाहिली, तर पाखाडीवर ती एवढी ओढायची की घशातून घरघर ऐकू यायची. म्हणून गेल्या ऑगस्टात हा छातीपट्टा मागवला. १,८५० रुपये, शिवाय पाच मीटरची दोरी ६५० रुपये.

शेजारचे अण्णा पहिल्याच दिवशी गडग्यापलीकडून ओरडले, "काय गो, कुत्रेक चोळी शिवलंस?" वर हेही म्हणाले, "रानात जनावर मोकळा व्हया. वाघ इलो तर दोरयेक बांधलेला पळतला कसा?" या प्रश्नाकडे शेवटी येते, कारण तो वाटतो तितका हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आधी चांगलं. पट्ट्याच्या पाठीवर जी मूठ आहे, तिच्यासाठीच मी हा पट्टा पुन्हा घेईन. आमच्याकडे पायवाट म्हणजे दर शंभर पावलांवर एक गडगा. चिरे सुटलेले असतात, कुत्र्यानं उडी मारली की एखादा निसटतो. मुठीला धरून तिला उचलायचं आणि पलीकडे ठेवायचं, झालं. तिला कुठे काचत नाही, मलाही पाठीत उसण भरत नाही. दुसरा उपयोग फवारणीच्या दिवसांत. मोहोर आला की बागांमध्ये पिंपं भरून औषध कालवलेलं असतं आणि तांबूला कुठलंही पाणी आपल्यासाठीच ठेवलंय असं वाटतं. मूठ हाताशी असली की तिचं तोंड पिंपात जाण्याआधी तिला मागे घेता येतं. रखवालीच्या नेपाळी गड्यांचे कुत्रे अंगावर आले तेव्हाही तसंच. पाच मीटरची दोरी गुंडाळत बसायला तेव्हा वेळ नसतो.

आता पहिली फसवणूक, मापाची. कंपनीच्या तक्त्यात छातीचा घेर एवढंच माप आहे. तांबूचा घेर ६२ सेंटिमीटर, म्हणून मध्यम माप मागवलं आणि पुढून ते अगदी चपखल बसलं. पण गावठी कुत्र्याचं अंग मागे निमुळतं होत जातं. सप्टेंबरात राईजवळ एक डुक्कर पिल्लांसकट आडवं गेलं. तांबू घाबरली आणि पुढे पळायच्या ऐवजी मागे सरकली, पाय आखडले, मान खाली घातली, आणि एका झटक्यात रिकामा पट्टा माझ्या हातात. ती करवंदीच्या जाळीतून कुठे गेली ते दिसलंच नाही. चाळीस मिनिटांनी घरी आले तर ही पडवीत बसलेली, जणू मीच चुकले होते. दुसऱ्या दिवशी चपला शिवणाऱ्या काकांकडून बरगड्यांच्या मागे, पोटाखालून जाणारा तिसरा पट्टा लावून घेतला. १२० रुपये. त्यानंतर ती एकदाही सुटलेली नाही. विकत घेणार असाल तर तीन पट्ट्यांचाच घ्या. दोन पट्ट्यांचा छातीपट्टा लठ्ठ लॅब्रेडॉरला ठीक आहे.

दुसरी गोष्ट गंजाची. ही मी आधीच ओळखायला हवी होती, आमच्या खिडक्यांचे गजसुद्धा दर दोन वर्षांनी खरवडावे लागतात. दिवाळीपर्यंत दोरीच्या हुकाची स्प्रिंग अडकायला लागली. डिसेंबरात पाठीवरच्या कडीतून तांबडं पाणी उतरून पिवळ्या कापडावर डाग पडले. बंदरातल्या दुकानात हूक दाखवला तर तिथे बसलेल्या तांडेलानं (होडीच्या म्होरक्यानं) नखानं खरवडून सांगितलं, वरचा चकाकता थर नुसता मुलाम्याचा, आत साधं लोखंड. त्याच दुकानातून होडीला लावतात तशी स्टेनलेसची कडी आणि शॅकल (दोरी अडकवायची खिळीची कडी) घेतली. दोरीसुद्धा तिथूनच, आठ मिलिमीटर जाडीची नायलॉनची, मीटरवर मोजून. सगळं मिळून ३४० रुपये. कंपनीची दोरी आता कपडे वाळत घालायला आहे आणि त्या कामाला ती उत्तम आहे. एक मात्र खरं, प्लास्टिकची बकलं अजून शाबूत आहेत. खाडीत डुंबून आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुवावी लागतात, नाहीतर आत रेती बसून ती कुरकुरतात.

तिसरी तक्रार आतल्या जाळीदार अस्तराची. जाहिरातीत त्याला 'हवेशीर' म्हटलंय. कुठल्या तरी कोरड्या, थंड देशात असेलही. आमच्या पावसात ते तीन-तीन दिवस वाळत नाही. ऑगस्टच्या शेवटी तांबूच्या काखेत केस जाऊन लालभडक ओलं चट्टं पडलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि पट्टा पंधरा दिवस बंद करायला सांगितला. पाऊस गेल्यावर त्याच अस्तरात कुसळं रुतायला लागली. आणि जानेवारीत तर कमाल. तांबू खाजकुयलीच्या वेलातून घुसून आली. तिच्या केसाळ अंगाला काही झालं नाही, पण शेंगांची लव अस्तरात बसली आणि मी तो पट्टा उघड्या हातांनी काढून वर मानेशी धरून झटकला. रात्रभर मी आणि माझी मान. अण्णांच्या सांगण्यावरून शेण फासलं, त्यानं बरं वाटलं की नुसतीच थकून झोप लागली, देव जाणे.

पण अस्तराचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे गोचिडी. त्यांना दडायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. नोव्हेंबरात तांबू दोन दिवस जेवली नाही, हिरड्या फिक्या, अंग तापलेलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खूप उतरलेल्या, गोचीडताप निघाला. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं. आता दर बारा आठवड्यांनी गोचिडींवरची चघळायची गोळी चुकवत नाही आणि घरी आल्याबरोबर पट्टा काढून कान, काखा, बोटांच्या बेचक्या बोटानं चाचपते. दोष पट्ट्याचा म्हणता येणार नाही. पण तो अंगावर ठेवूनच कुत्र्याला झोपवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आमच्याच सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ साली गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात गोचीड हा शब्द माणसंही जपून उच्चारतात.

आता अण्णांचा वाघ, म्हणजे बिबट्या. गेल्या वर्षी भाद्रपदात त्यांचा कुत्रा मोती बिबट्यानं अंगणातून नेला. साखळीला बांधलेला होता. सकाळी साखळी आणि तुटलेला गळपट्टा एवढंच होतं. त्यामुळे दोरीवरचा त्यांचा राग मला कळतो आणि मी वाद घालत नाही. बिबट्या गळा धरतो आणि छातीपट्ट्यात गळा उघडाच राहतो, हेही खरं. वर घाटावरचे धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात ते उगाच नाही. म्हणून बिबट्यापासून राखण म्हणून हे कुणी विकत असेल तर घेऊ नका. मी वेळ बदलली. दिवस चांगला वर आल्यावर निघायचं, तिन्हीसांजेच्या आधी घरात, आणि रात्री तांबू माजघरात. एप्रिल-मेमध्ये मात्र पंचाईत होते, कारण नऊनंतर सड्याचा कातळ इतका तापतो की मलाच चपलेतून चटके बसतात. हाताचा तळवा दगडावर पाच आकडे मोजेपर्यंत टेकवून बघते. नाही टेकवला तर त्या दिवशी राईच्या सावलीतूनच फिरून परत. सड्यावर चिऱ्यांखाली फुरसी, म्हणजे विषारी साप, असतात, त्यामुळे दगड हुंगायला लागली की दोरी आखूड. तिथे तर पट्ट्यापेक्षा माझं लक्षच कामाला येतं.

तर घ्यावा का? ऑक्टोबर ते मे रानात फिरत असाल, कुत्रं दहा किलोच्या वरचं असेल आणि तुमच्या वाटेत गडगे, पाखाड्या असतील तर घ्या. अस्तर उसवून टाका, कड्या पहिल्याच आठवड्यात बदला. पावसाळ्यासाठी मी काकांकडून त्याच मापाचा नुसत्या नायलॉन पट्टीचा, बिनअस्तराचा शिवायला टाकलाय, २८० रुपये सांगितलेत, मूठ धरून. मिरगाच्या आधी देतो म्हणालेत. माप घेताना पुढच्या पायांच्या मागचा घेर तर घ्याच, पण शेवटच्या बरगडीपाशीही फीत लावा. तांबूच्या या दोन मापांत अकरा सेंटिमीटरचा फरक निघाला.