सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे नूतनीकरण: एसबीआर की एमबीआर?

जुन्या सांडपाणी केंद्राची क्षमता वाढवून त्याचे पाणी पुन्हा वापरात आणायचे ठरवलेल्या शहरापुढे बहुधा एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिअॅक्टर) आणि एमबीआर (मेम्ब्रेन बायोरिअॅक्टर) या दोन पद्धती येतात. १९१४ मध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळ पद्धत, म्हणजे हवा देऊन वाढवलेल्या जिवाणूंच्या गाळाकडून घाण खाऊन घेण्याची रीत, दोन्हींच्या मुळाशी आहे. फरक पडतो तो शुद्ध पाणी गाळापासून वेगळे करण्याच्या रीतीत.

एसबीआरमध्ये पाणी भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे निवळ पाणी काढून घेणे ही कामे एकाच टाकीत पाळीपाळीने होतात. एमबीआरमध्ये एक मायक्रॉनहूनही लहान छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून (गाळणाऱ्या पातळ पडद्यातून) पाणी ओढले जात असल्याने गाळ बसण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि नेहमीच्या पद्धतीत लिटरमागे २ ते ४ ग्रॅम गाळ असतो तिथे ८ ते १२ ग्रॅम ठेवता येतो. साहजिकच जागा वाढवता येत नसेल, तर जुन्याच टाक्यांतून अधिक काम करून घेण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

त्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. मेम्ब्रेन तुंबू नयेत म्हणून सतत हवेचा मारा करावा लागतो, त्यामुळे विजेचा खर्च वाढतो. केस आणि कापडाचे धागे मेम्ब्रेनच्या तंतूंना पीळ घालून बसतात, म्हणून १ ते ३ मिलिमीटरच्या बारीक जाळ्या लागतात. हायपोक्लोराइट आणि सायट्रिक आम्लाने धुलाई करावी लागते आणि साधारण दहा वर्षांनी मेम्ब्रेनच बदलावे लागतात. पावसाचे पाणी त्याच गटारांत शिरत असेल, तर हा अचानक वाढलेला प्रवाह एमबीआरला पेलणे विशेष जड जाते.

म्हणून पाणी कोण घेणार, हे माझ्या मते आधी ठरावे. बागा आणि शौचालयांसाठी एसबीआरनंतर गाळणी व निर्जंतुकीकरण पुरेसे ठरते. कारखान्यांना क्षारमुक्त पाणी हवे असेल, तर पुढे आरओ बसवावा लागतो आणि तिथे एमबीआरचे स्वच्छ पाणी फार उपयोगी पडते. पण आरओतून उरणाऱ्या खारट पाण्याची विल्हेवाटही योजनेत धरावी लागते. नामिबियाची राजधानी विंडहुकमध्ये १९६८ पासून पुनर्शुद्ध पाणी पिण्यासाठी वापरले जाते, मात्र त्यासाठी एकामागून एक शुद्धीकरणाचे अनेक टप्पे आणि अखंड तपासणी लागते.

निविदा तपासताना केवळ उभारणीचा आकडा पाहू नये. वीज, रसायने, मेम्ब्रेनची बदली आणि पुनर्वापराच्या स्वतंत्र वाहिन्या यांचा किमान वीस वर्षांचा खर्च दोन्ही बाजूंना मांडून घ्यावा.