सकाळची गाडी की चीजचं भांडं?

साल 1905 धरू. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरमधलं वेन्सलीडेल खोरं. हॉज गावापासून तीन मैलांवर खंडाने घेतलेलं रान, नांगर न लागणारं, नुसतं गवताचं. गोठ्यात बारा शॉर्टहॉर्न गायी. जूनमध्ये गायीमागे दिवसाला सरासरी दोन गॅलन धरले तर चोवीस गॅलन दूध, म्हणजे साधारण 109 लिटर. हे दूध कॅनमध्ये भरून शहराकडच्या सकाळच्या रेल्वेगाडीला घालायचं, की घरच्या भांड्यात ओतून चीज करायचं?

त्या काळातल्या शेतकऱ्याच्या दिवसाबद्दल बोलताना हा निर्णय आधी करावा लागतो. तो किती वाजता उठतो, त्याची बायको दुपारी काय करते, हातात पैसा कधी येतो, डुक्कर किती पाळतो, सगळं यावर ठरतं. मी धार हाताने काढतो आणि या पद्धतीचं चीजही करतो, तेव्हा माझं पारडं अगदी सरळ नसेल. ते गृहीत धरून वाचा.

आधी पैशाचं, कारण तिथे गाडी उघड पुढे आहे. एक गॅलन दुधाचं साधारण एक पौंड चीज होतं. त्यामुळे तुलना सोपी: गॅलनचा भाव आणि पौंडाचा भाव शेजारी ठेवायचे. शहरात दुधाला मागणी असताना गॅलन बहुतेक वेळा वरचढ ठरतो, आणि दुधाचे पैसे ठरल्या मुदतीला हातात पडतात. चीज फळीवर पिकत बसतं. व्यापारी उचलेल तेव्हा पैसा. खंड सहामाही, गड्याची बोलीही सहामाही, म्हणून हे निभतं, पण मध्ये गाय मेली तर दुकानदाराच्या वहीत नाव चढतं. चीजच्या बाजूने एक गोष्ट धरायला लोक विसरतात, ती म्हणजे निवळी. चोवीस गॅलन दुधातून एकवीसेक गॅलन निवळी सुटते. तिच्यावर आलेली साय काढून लोणी करतात, उरलेल्यावर डुकरं पोसली जातात. स्वयंपाकघराच्या तुळईला टांगलेला हॅम हे चीजच्याच हिशेबातलं उत्पन्न आहे. तरीही रोख मोजली तर गाडीच.

हॉजला 1878 पासून दोन्ही बाजूंनी रेल्वे आहे, पूर्वेला नॉर्थअॅलर्टन, पश्चिमेला सेटल-कार्लाइल मार्ग. तेव्हा 'आमच्याकडे सोय नाही' ही सबब चालत नाही. सोय आहे, तिचे खाचखळगे मात्र वापरल्यावर कळतात.

रेल्वेचा कॅन सतरा गॅलनचा, बुडाशी रुंद, वर निमुळता. दूधच ऐंशी किलोच्या घरात, कॅनसकट शंभराच्या वर. तो उचलत नाहीत, तिरका करून कडेवर गरगरत नेतात. घाऊक व्यापारात 'बार्न गॅलन' नावाचं माप चालतं, सतरा पाइंटचं, म्हणजे दोन गॅलन आणि वर एक पाइंट. आठ बार्न गॅलनचा एक कॅन. भाव कुठल्या गॅलनचा बोललाय हे आधी विचारलेलं बरं. आता आपले चोवीस गॅलन बघा: एक कॅन भरला आणि दुसऱ्यात सात गॅलन. हा अर्धवट कॅन त्रास देतो. गाडीच्या हिसक्यांनी दूध आत घुसळलं जातं, वर लोण्याचे कण तरंगतात, आणि घेणारा म्हणतो दूध खराब. कॅन एकतर गळ्यापर्यंत भरायचा, नाहीतर लहान कॅन घ्यायचा.

थंड करण्यासाठी पन्हाळी पत्र्याचा कूलर: आतून झऱ्याचं पाणी खालून वर, बाहेरून दूध वरून खाली पातळ पडद्यासारखं. दूध पाण्यापेक्षा दोन-तीन अंश गरमच राहतं. पाणी दहा अंशांवर असेल तोवर ठीक, जुलैत झराही कोमट होतो. निवायच्या आत झाकण लावलं तर दुधाला कोंदट वास धरतो, आणि तो शहरात झाकण उघडणाऱ्याला पहिला येतो.

हिवाळ्याचा मुद्दा वेगळाच. दुधाच्या करारात वर्षभर सारखा पुरवठा मागतात, आणि डेल्सच्या, म्हणजे यॉर्कशरच्या या खोऱ्यांतल्या, गायी पारंपरिकपणे वसंतात वितात, गवताबरोबर. करार पाळायचा तर काही गायी शरदात विणाऱ्या हव्यात, आणि त्यांना नुसत्या वाळल्या गवतावर दूध येत नाही. सरकीची पेंड, जवसाची पेंड विकत आणावी लागते. हिवाळ्यात गायी घराजवळच्या गोठ्यात असतातच असं नाही. रानोरानी दगडी कोठारवजा गोठे असतात, एकेकात चार-सहा गायी, वर त्याच रानाचं गवत. दोन्ही वेळा तिथवर चालत जायचं, धार काढायची आणि दूध पाठीवरच्या डब्यात घालून उतारावरून आणायचं. त्या डब्याला तिकडे 'बजेट' म्हणतात. बर्फात त्या बजेटचं ओझं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. चीजवाल्याच्या बऱ्याचशा गायी तोवर आटत आलेल्या असतात. त्याला घरापुरतं दूध, थोडं लोणी, आणि भांड्याला चार महिने विश्रांती.

हे सगळं अजून तरी मोजून निभावण्यासारखं आहे. माझा कौल ज्याने फिरवला तो त्रास गाडीच्या वेळेचा आहे, आणि त्याचा संबंध झोपेशी नसून फॅटशी आहे.

गाडी सातची धरा. तीन मैल घोडागाडीने पाऊण तास, निववायला वीस मिनिटं, दोघं धार काढणारे असतील तर सहा-सहा गायींना एक तास. म्हणजे पावणेपाचला पहिल्या गायीखाली बसायला हवं. पहाटे इतक्या लवकर उठणारा माणूस संध्याकाळची धारही लवकर उरकतो, तीन-साडेतीनला. दोन धारांमधलं रात्रीचं अंतर झालं तेरा-चौदा तास, दिवसाचं दहा-अकरा. लांब अंतरानंतरचं दूध भरपूर निघतं आणि पातळ असतं. संध्याकाळच्या दुधाच्या मानाने फॅट अर्धा-एक टक्का सहज खाली येते. त्यात घाई. आचळातली पहिली धार पाण्यासारखी आणि शेवटची सायीसारखी असते, हे हाताने पिळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. घड्याळाकडे बघत काढलेल्या दुधात नेमकी ती शेवटची कासेतच राहते. फॅट पुन्हा पडते, आणि रोज असं अर्धवट पिळलेली गाय दूधही चोरायला लागते.

पूर्वी हे खपलं असतं. पण 1901 च्या दूधविक्री नियमांनी रेघ आखली: फॅट तीन टक्के, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) साडेआठ. त्याखाली दूध गेलं की ते भेसळीचं समजायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करणं विकणाऱ्याच्या गळ्यात. नमुना दूध पोचवतानाच, फलाटावरसुद्धा घेता येतो. शहरातला दुकानदार 'मला हमी देऊन पाठवलंय' म्हणून सुटतो, आणि बोट मागे मागे येत खोऱ्यातल्या गोठ्यापाशी थांबतं. आपल्याकडे संकलन केंद्रावर फॅट लागली नाही तर पावतीवर भाव कमी होतो. तिथे दर सरसकट गॅलनचा. चांगल्या फॅटला वरचा पैसा नाही, कमी फॅटला मात्र कोर्टाची पायरी. बचाव करायचा तर अधिकाऱ्यासमोर त्याच गायींची धार काढून दाखवायची. याला 'गायीकडे अपील' म्हणत. आणि दूध गायीच्या आचळातून जसंच्या तसं आलेलं असूनही अडीच-पावणेतीन लागू शकतं, विशेषतः वसंतातल्या कोवळ्या गवतावर. पाण्याचा थेंब न घालता भेसळीचा शिक्का बसायचा धोका म्हणजे काय, ते ज्याचं नाव गावात चार माणसं घेतात त्याला विचारावं.

यावर उपाय आहे की, असं कुणी म्हणेल. संध्याकाळचं फॅटदार दूध सकाळच्या पातळ दुधात मिसळायचं. फॅट साडेतीनच्या पुढे जाते, बरोबर. पण संध्याकाळचं दूध गाडीत चढताना पंधरा-सोळा तासांचं झालेलं असतं, शहरात पोचून घरोघरी जाईपर्यंत आणखी. जुलैत असं दूध दुपारीच आंबतं, आणि आंबट म्हणून नाकारलेल्या दुधाचा पुरावा ते पोचल्या ठिकाणीच ओतला जातो. मिसळावं तर आंबतं, न मिसळावं तर फॅट पडते. या कात्रीतून सुटायचा मार्ग गाडीची वेळ बदलणं हा एकच आहे, आणि तो शेतकऱ्याच्या हातात नाही.

भांड्याकडे या. चीज करणारीही संध्याकाळचं दूध सकाळच्यात मिसळतेच. (करणारी म्हणालो, कारण हे काम जवळपास सगळीकडे घरच्या बाईचं.) रात्रभर मुरलेलं ते दूध किंचित आंबटपणाकडे झुकलेलं असतं आणि चीजला तेच हवं असतं. विरजणाचं काम फुकटात झालेलं असतं. रात्री वर आलेली साय ढवळून परत घालायची. सकाळच्या दुधाची फॅट खाली असली तरी एकत्र भांड्यात ती भरून निघते, आणि तपासायला कुणी येत नाही. ज्या गोष्टीने कॅन फेकला जातो, तिच्यावरच भांडं चालतं. मला वाटतं, दोन्ही करून पाहिलेला माणूस इथेच फिरतो.

कृती लांब आहे, अवघड नाही. दूध 29-30 अंशांपर्यंत कोमट करायचं. रेनेट (दूध घट्ट बसवणारं द्रव्य) पाच गॅलनला एक ड्रॅम, म्हणजे चोवीस गॅलनला जेमतेम सतरा मिली, थंड पाण्यात पातळ करून. पूर्वी वासराच्या वाळवलेल्या जठराचा तुकडा, 'केझलप', भिजवून ते पाणी घालत. त्याचा जोर रोज वेगळा. 1905 ला बाटलीतलं रेनेट मिळतं, तेच घ्यावं. तासाभराने दूध घट्ट बसतं. बोट घालून उचलल्यावर स्वच्छ चीर पडली की हलक्या हाताने कापायचं. घाईने कापलं तर निवळी पांढरी येते, म्हणजे फॅट डुकरांना चालली. मग थांबायचं, निवळी उपसायची, आणि चक्का फडक्यात बांधायचा, अगदी श्रीखंडाला बांधतो तसा. दर अर्ध्या तासाने सोडायचं, तुकडे करायचे, उलटायचे, पुन्हा बांधायचं. हाताला घट्ट, किंचित आंबूस लागला की चुरून मीठ, चार पौंड चक्क्याला एक औंस. जुन्या घरांत तयार चीज मिठाच्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवत, पण कोरड्या मिठाने अंदाज बरा राहतो. साच्यात भरून रात्रभर बिनदाबाचं, दुसऱ्या दिवशी कापडात शिवून काही तास हलका दाब. चोवीस गॅलनची आठ-आठ पौंडांची तीन चीज, किंवा बारा-बाराची दोन.

दाब हलका ठेवायचं कारण आतली पोकळी. तिच्यातून निळी बुरशी शिरली तर चीजला भाव येतो. जास्त दाबलं तर ती शिरत नाही. चक्का ओला राहिला तर मात्र सालीच्या आत लगदा होऊन साल घसरते. रात्री दूधघर फार गार पडलं तर चीज कडवट होतं. धार काढताना हात-आचळ अस्वच्छ राहिले तर साच्यातच फुगतं. भेगा पडल्या की माशी अंडी घालते; भेगांवर लोणी चोळून ठेवायचं आणि रोज उलटायचं.

भांड्याची खरी खोड वेगळी आहे, तीही सांगतो. चूक उशिरा कळते. कॅन परत आला तर त्याच आठवड्यात कळतं. चीज बिघडलंय हे सहा आठवड्यांनी फळीवर कळतं, आणि तोवर त्याच चुकीची शंभरेक चीज रांगेत उभी असतात. शिवाय सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत एक माणूस भांड्याला बांधला जातो, रविवारीही. गवत कापणीच्या दिवसांत हे सगळ्यात जास्त बोचतं. आयर्लंडहून महिन्याच्या बोलीवर आलेले गडी रानात, आभाळ भरलेलं, आणि दताळं धरू शकणारी बाई चक्क्यात कोपरापर्यंत. तिच्या मजुरीचा आकडा मी वर पैशाच्या हिशेबात धरला नाही. त्या काळी कुणीच धरत नसे. तो धरला तर पौंड आणि गॅलनमधलं अंतर आणखी वाढतं, हे मान्य.

लँकेशरकडे याच कोंडीवर दुसरी तोड निघाली. तिथलं चीज चाळीस-पन्नास पौंडांचं, लहान गोठ्याच्या एका दिवसाच्या दुधात न होणारं. म्हणून आजचा चक्का राखून उद्या-परवाच्या ताज्या चक्क्यात मिसळतात. 1890 च्या दशकात काउंटी कौन्सिलचे शिक्षक जोसेफ गॉर्नाल यांनी गावोगाव जाऊन ही रीत एकसारखी बसवली. चीज लुसलुशीत होतं, भाजून उत्तम वितळतं, पण कालच्या चक्क्याची आंबटी आजच्यात किती आली हे सांभाळायला सरावलेला हात लागतो. बारा गायींना वेन्सलीडेलची रीत सोसते.

हॉजमध्येच 1897 पासून एडवर्ड चॅपमन दूध विकत घेऊन चीज करू लागला होता. त्याला दूध घातलं तर बायकोचे हात वाचतात, गाडी गाठायची नाही. निवळी मात्र गेली, आणि गिऱ्हाईक एकच उरलं. ज्यांचं रान गावाला लागून आहे त्यांनी याचा विचार जरूर करावा.

स्टेशन मैलाभरात असेल, झरा उन्हाळ्यातही गार राहत असेल आणि घरात दिवसभर भांड्यापाशी थांबणारं कुणी नसेल, तर गाडीच धरा. फक्त संध्याकाळची धार पाचच्या आत काढू नका, शेवटची धार कासेत ठेवू नका, आणि वसंतात गायी कोवळ्या गवतावर सोडल्या की पहिले दोन आठवडे सकाळचं दूध वेगळं पाठवू नका.