रंगाची पुडी, औषधाचे पैसे : २,८८,३०० येन

लिहायची लाज वाटते. पण मला फसवणाऱ्या माणसाचा धंदा अजून चालू आहे, म्हणून लिहितोय.

मी टोकियोत राहतो आणि चार वर्षं मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे. ज्यांना आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा, की ऑफिसच्या वाटेवरच्या प्रत्येक स्टेशनात संडास फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे ते मला पाठ आहे. आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या चालू होत्या. मधे स्टेरॉइड झाले, तोंड भोपळ्यासारखं फुगलं. मग डॉक्टर इंजेक्शनांचं बोलायला लागले आणि माझा धीर सुटला. नेमका त्याच आठवड्यात आपल्यातल्याच एका गृहस्थाने एका 'चिनी वैद्या'ची ऑनलाइन जाहिरात आणि नंबर दिला.

मूर्ख म्हणण्याआधी ऐका. इथे एमबीबीएसच्या तोडीचे डॉक्टरच कांपो (चिनी वैद्यकातून आलेली जपानी वनौषधं) लिहून देतात, १४८ कांपो औषधं सरकारी विम्यात बसतात. चिनी वनस्पतींची पुडी ही इथे भोंदूगिरी मानली जात नाही. त्यात तो माणूस बोलायला गोड. म्हणाला, "आबेसान पंतप्रधान होते, त्यांनाही हाच आजार. २००७ ला पद सोडावं लागलं, २०२० ला पुन्हा. गोळ्यांनी काय झालं?" त्या दोन राजीनाम्यांच्या मधे गोळ्यांवरच माणसाने सात-आठ वर्षं देश चालवला, हे उत्तर मला चार महिन्यांनी सुचलं.

सल्ल्याचे ११,००० येन आणि पंधरा दिवसांच्या पुड्यांचे १८,५००. पैसे दुकानाच्या नव्हे, कुठल्या तरी बाईच्या वैयक्तिक खात्यावर. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावला असेल. लावा, मीही आता लावतो.

पाकीट आलं. आत गडद निळी पूड, अगदी आपल्याकडे धोतराला घालायचे तसली नीळ. बायकोला माझ्यापेक्षा बरी कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, वाचता येते. पाकीट उलटं करून म्हणाली, "अरे, यावर सेन्र्यो लिहिलंय. सेन्र्यो म्हणजे कपडे रंगवायचा रंग." मी त्याला फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर : कस्टमच्या कटकटीमुळे तसं लिहावं लागतं, सगळेच लिहितात. आणि मी, रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढून पगार घेणारा माणूस, बायकोला म्हणालो, "तुला प्रत्येक गोष्टीत संशय." तिथे थांबलो असतो तर २९,५०० वर सुटलो असतो. ते वाक्य रात्री आठवलं की अजून कूस बदलावी लागते.

त्यात पुडीने गुण दिला, हीच तर गोम. नवव्या दिवशी रक्त थांबलं. दहा वेळा जाणारा मी दोनदा जायला लागलो. मग कोण शहाणा थांबेल? पुढच्या महिन्याचे ३६,००० दिले. त्यानंतर 'मुळापासून बरं करण्याचा' सहा महिन्यांचा कोर्स, आगाऊ १,९८,०००. वर आतडी धुणारा चहा २४,८००. अटी दोन : मेसालामाइन बंद करायचं, नाहीतर गुण येत नाही, आणि जपानी डॉक्टरला कळू द्यायचं नाही, कारण त्यांचा धंदा बुडतो. (डॉक्टरपासून लपवायला सांगणाऱ्याचं पुढचं वाक्य ऐकूच नका. तिथेच फोन ठेवा.)

तिसऱ्या महिन्यात डोकं ठणकायला लागलं. तपासणीत यकृताचे आकडे तिप्पट. डॉक्टरांनी शौचाचा रंग विचारला, मी खाली बघत "काळसर निळा" म्हणालो, तर त्यांनी थेट विचारलं, "सेइताई घेता?" चिनीत चिंग दाई. नीळ देणाऱ्या झाडांपासूनच करतात. चीनमध्ये औषध मानतात, जपानमध्ये रंग किंवा आरोग्य-खाद्य म्हणून मिळते. म्हणजे सगळ्या व्यवहारात खरं बोललं ते फक्त पाकीट! ती आतड्यावर काम करते हे डॉक्टरांनी नाकारलं नाही. पण स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याचा आजार झाल्याचं दिसल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये इथल्या आरोग्य मंत्रालयाने इशारा काढला होता. सेइताईची रुग्णांवर चालू असलेली एक चाचणीही त्यापायी मधेच थांबवली गेली. त्याच दिवशी माझी हृदयाची सोनोग्राफी झाली. ती नीट निघाली. मी मात्र तिथे बसल्याबसल्या घामाने भिजलो होतो.

त्याला यकृताचं कळवलं, त्या क्षणापासून फोन बंद. सहापैकी दोनच महिन्यांच्या पुड्या आल्या होत्या.

मग खिडक्यांची वारी. ग्राहक-सल्ल्याच्या खिडकीवर बाईंनी कमरेत वाकून सांगितलं, की कारण न सांगता आठ दिवसांत करार मोडायची 'कूलिंग-ऑफ'ची सोय दारावर येऊन किंवा फोन करून विकणाऱ्यांना लागू होते, ऑनलाइन खरेदीला नाही. पोलीस म्हणाले, माल मिळालाय ना, मग हा तुमच्या दोघांतला वाद. चार महिन्यांचा माल मिळालाच नाही म्हटल्यावर, तो 'उशीर' असू शकतो! आरोग्य खात्याच्या माणसाने पाकीट हातात घेतलं, सेन्र्यो वाचलं आणि परत दिलं : रंग आहे, औषध नाही, आमच्याकडे येत नाही. औषध म्हणून विकल्याचे मेसेज दाखवले. ते जपानीत भाषांतर करून आणा. आणले. तर संबंधित अधिकारी बदलून गेलेले. तीन अर्ध्या रजा गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी इतक्या आदबीने हाकललं, की भांडायचीही सोय नाही.

पैसे गेल्याचं कळताच बँकेला कळवा, त्याच दिवशी. खातं बँक गोठवू शकते. मी नऊ दिवसांनी गेलो, खातं रिकामं होतं. ऑनलाइन विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि फोन पानावर नसेल तर इथल्या कायद्यातच ते बसत नाही, एवढं तरी आधी बघा. आणि पुडी चालू असेल तर आजच डॉक्टरला सांगा, शरम नंतर करा. मेसालामाइन परत सुरू केलं, रक्तही परत सुरू झालं, आता ती इंजेक्शनं घेतोय. ज्यांना घाबरून मी पळालो होतो, तीच.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, वैद्याचं नाव नवं. सहा महिन्यांचा कोर्स आता २,२०,०००.