नाव, आद्याक्षरं की चित्र? छोट्या सेवा-फर्मचा लोगो ठरवताना

गेल्या पावसाळ्यात ओळखीचा एक तरुण नवा शिक्का घेऊन माझ्या टेबलाशी आला. जीएसटी, हिशेब, पगारपत्रकं, दुकानाचे परवाने अशी कामं करणारं दोघा भागीदारांचं ऑफिस. मोबाइलवर लोगो देखणा दिसत होता : निळ्यातून हिरव्यात विरत जाणारे तीन खांब, त्यांच्यावरून वर झेपावणारा बाण, खाली बारीक रोमन अक्षरांत नाव. कागदावर शिक्का मारला आणि उमटला एक काळा डाग. खांब एकमेकांत मिसळलेले, बाणाचं टोक गायब, अक्षरांची पोटं शाईनं भरलेली. "शिक्केवाल्यानं घोळ घातला का?" त्यानं विचारलं. शिक्केवाल्याची काहीच चूक नव्हती. रबरावर रंगाच्या छटा येत नाहीत. शाई लागते किंवा लागत नाही, तिसरा प्रकारच नाही.

अशा फर्मचा लोगो बिस्किटाच्या पुड्यावर नसतो, की हायवेच्या होर्डिंगवर नसतो. तो शिक्क्यावर असतो, लेटरहेडच्या कोपऱ्यात, बिलाच्या पीडीएफवर, व्हॉट्सअॅपच्या गोल डीपीत आणि जिन्यातल्या पाटीवर. म्हणून पर्यायांची तुलना तिथेच करायला हवी.

सर्वांत जास्त मोह पडतो चित्राचा. या धंद्यात चित्रं म्हणजे ठरलेलीच : वर जाणारा बाण, हस्तांदोलन, पृथ्वीगोल, रुपयाचं चिन्ह. रुपयाचं चिन्ह उदय कुमार यांनी केलेलं, भारत सरकारनं १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेलं, आणि सगळ्या देशाचं. ते तुमची ओळख कसं होणार? चित्राच्या बाजूनं बोलणारे हमखास स्टेट बँकेकडे बोट दाखवतात. १९७१ मध्ये एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या शेखर कामत यांनी केलेलं ते निळं वर्तुळ आणि त्यातली फट आजही एका रंगात, नखाएवढ्या आकारातही ओळखू येते. रचना उत्तमच आहे. पण ती गावोगावच्या शाखांवर, पासबुकांवर पिढ्यान् पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्या ग्राहकाला तुमचं चित्र वर्षातून कितीदा दिसणार? रिटर्न भरताना, बिल आलं की, फार तर महिन्यातून एकदा. तेवढ्यानं चित्रावरून नाव आठवत नाही. निव्वळ चित्राचा लोगो घ्यायचाच असेल तर तो अनेक शाखा किंवा स्वतःचं अॅप असलेल्यांनी घ्यावा. दोन खोल्यांच्या ऑफिसनं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आद्याक्षरांचा मोनोग्राम डीपीत छान बसतो, शिक्क्यावरही टिकतो. नाव लांबलचक असेल, उदाहरणार्थ दोघा भागीदारांची आडनावं आणि पुढे 'अँड असोसिएट्स', तर मोनोग्रामवाचून गत्यंतर नसतं. अडचण वेगळीच आहे. रोमन एस, ए, पी, के यांच्या जोड्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. एकाच इमारतीत दोन 'एसके' सापडतात आणि कुरियरवाला एकाचं पाकीट दुसऱ्याकडे टाकून जातो.

राहिलं नुसतं नाव, नीट घडवलेल्या अक्षरांत. माझा कौल याला. अक्षरकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं आठवा. वर्तमानपत्रातली लहानशी जागा, काळी-पांढरी छपाई, आणि तरी नाव वाचताच नाटकाचा सूर कळायचा. बाजूला चित्र लागायचं नाही, कारण अक्षरच चित्राचं काम करायचं. हिशेबाच्या ऑफिसला नाट्यमय अक्षरं नकोत, पण रीत तीच.

समजा, फर्मचं नाव 'ताळमेळ' ठेवलं. लिहून बघा. चार अक्षरं, एक काना, एक मात्रा, खाली उकार एकही नाही, जोडाक्षर नाही. त्यात 'ळ' दोनदा येतो आणि त्याच्या दोन्ही पोटांत भरपूर मोकळी जागा आहे. अक्षरांच्या रेषा थोड्या जाड घेतल्या, 'ळ'ची पोटं नेहमीपेक्षा किंचित मोठी ठेवली, की लोगो जवळजवळ तयार. डीपीसाठी वेगळं काही शोधायलाच नको, एकटा 'ळ' उचलायचा. शिरोरेषेखाली शेजारी शेजारी लटकलेली ती दोन पोटं म्हणजे जमा आणि नावे! आणि रोमन मोनोग्राममध्ये हे अक्षर कुणाकडेच नसणार. (नाव खरंच आवडलं तर आधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून घ्या, ते कुणीतरी आधीच घेतलेलं असू शकतं.)

इथेच देवनागरी की रोमन हा प्रश्न येतो, आणि महाराष्ट्रात ऑफिस असेल तर तो निम्मा कायद्यानंच सोडवला आहे. दुकानं व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार पाटीवर नाव मराठीत, देवनागरी लिपीत, सुरुवातीला हवं, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत. दहापेक्षा कमी माणसं कामाला असली तरी सूट नाही. मग लोगो रोमनमध्ये करून पाटीपुरता देवनागरीचा जोड कशाला लावायचा? तसा जोड लावलेल्या पाट्या आपण रोज बघतो : वर डौलदार रोमन, खाली संगणकात हाताला लागला तो फॉन्ट. दोन्ही लिप्यांचा लोगो एकत्र घडवा, देवनागरीपासून सुरुवात करा.

देवनागरीचा तोटाही आहे. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार आले की तेवढ्याच उंचीत मूळ अक्षर बारीक होतं. १४ मिलिमीटर उंचीच्या शिक्क्यात नावाखाली पत्ता आणि फोनही बसवायचा असतो, तिथे हे जाणवतं. 'पूर्ती' किंवा 'कीर्तीसूर्य' अशा नावाला रोमनपेक्षा जास्त जागा द्यावी लागेल. उलट पाटीवर शिरोरेषेचा फायदा होतो. अॅक्रिलिकमध्ये कापलेला सबंध शब्द एका तुकड्यात येतो, सुटी अक्षरं एका ओळीत बसवण्याची कटकट राहत नाही.

आता करून कुणाकडून घ्यायचा? कॅनव्हासारख्या तयार डिझाइनच्या संकेतस्थळावर तासाभरात फुकट लोगो होतो. सुरुवातीला बिलं पाठवण्यापुरता तो वापरायला माझी हरकत नाही. पण तयार टेम्पलेट तुमच्या एकट्याचं नसतं, तेच चित्र दुसऱ्यालाही वापरता येतं, म्हणून त्याचा ट्रेडमार्क करता येत नाही, असं कॅनव्हाच सांगतं. एआयकडून चित्र काढून घेतलं तर देवनागरीत काना-मात्रा कित्येकदा चुकतात, आणि हाती येते ती सहसा जेपीजीसारखी ठिपक्यांची फाइल, जी पाटीसाठी मोठी केली की फुटते.

डिझायनरला दिलंत तर दोन गोष्टींवर अडून बसा. एक, मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी सीडीआर किंवा एसव्हीजी, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत बदलून. नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जातं. दुसरी, हक्क लिहून घेणं. पैसे दिले म्हणजे लोगोचा कॉपीराइट आपला झाला असं बहुतेकांना वाटतं, पण कॉपीराइट हस्तांतर लेखी लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कायद्यानुसार ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द घालायला विसरू नका.

ट्रेडमार्कच्या नोंदणीतही नावाचंच पारडं जड आहे. नुसता शब्द नोंदवला तर तो कुठल्याही अक्षरवळणात लिहिला तरी संरक्षण मिळतं. चित्रासकट नोंदवला तर भर त्या विशिष्ट रूपावर राहतो. मात्र 'टॅक्स', 'अकाउंट्स' असं निव्वळ कामाचं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. नोंदणी धंद्याच्या वर्गानुसार होते, हिशेब आणि ऑफिसकामाच्या सेवा वर्ग ३५ मध्ये येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी वर्तुळातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, लावू नका, तो गुन्हा आहे. तोवर 'टीएम', म्हणजे ट्रेडमार्क, एवढं चालतं. भागीदारांपैकी कुणी सीए किंवा वकील असेल तर लोगोकडे वळण्याआधी त्यांच्या संस्थेचे जाहिरातीचे नियम वाचा, तिथे कडक बंधनं आहेत.

त्या तरुणाला मी तीन कच्ची रेखाटनं काढून दिली : त्याच्या जुन्या लोगोतला बाण साधा करून, आद्याक्षरं, आणि देवनागरी नाव. तिन्ही शिक्क्याच्या आकारात छापली, त्यांची झेरॉक्स काढली, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. तो कागद त्यानं घरी आईसमोर धरला. बाणाला तिनं पतंग म्हटलं, आद्याक्षरं वाचली पण कुणाची ते कळेना. तिसरं तिनं चष्मा न लावता वाचलं.