घराला कुलूप, बंदूक गन हाऊसमध्ये: ‘सेफ कस्टडी’ सेवेचं परीक्षण

नर्मदा परिक्रमेला पायी निघालेले, कॅरॅव्हॅन घेऊन देश पाहायला निघालेलं निवृत्त जोडपं, बोटीवर जाणारे, सहा महिने मुलीकडे परदेशी जाणारे आईवडील. यांच्यापैकी कुणाच्या कपाटात परवान्याचं रिव्हॉल्वर किंवा दुनळी असेल, तर निघण्याआधी तिची सोय लावावी लागते. कायद्याला धरून तीन वाटा आहेत. शस्त्र सोबत न्यायचं, पोलीस ठाण्यात जमा करायचं, किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, म्हणजे गन हाऊसमध्ये, ठेवून द्यायचं. सैन्यात असलेल्यांना युनिटचं शस्त्रागार ही आणखी एक सोय असते. ‘भावाकडे ठेवतो’ ही वाटच नाही. भावाच्या नावाने त्या शस्त्राचा परवाना नसेल, किंवा तुमच्या परवान्यावर त्याची रिटेनर (तुमच्या वतीने शस्त्र बाळगणारा) म्हणून नोंद नसेल, तर देणारा आणि घेणारा दोघंही शस्त्र अधिनियम १९५९ च्या कचाट्यात सापडतात.

आमची पसंती स्पष्टपणे गन हाऊसला आहे. मात्र दुकानदार देईल तशी ही सेवा निमूट घेतली, तर परत आल्यावर हातात गंजलेली नळी आणि संपलेला परवाना पडण्याची शक्यता बरीच असते. दुकान जागा देतं आणि जबाबदारीची नोंद ठेवतं. तेल, कागद आणि तारखा यांची काळजी ज्याची त्याने घ्यायची.

सोबत का नेऊ नये, हे आधी. परवान्याच्या अटींमध्ये एक अट अशी असते की कायमचा पत्ता बदलला, किंवा सलग ३० दिवसांहून जास्त काळ शस्त्र घेऊन दुसरीकडे राहिलात, तर ३० दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला आणि मूळ प्राधिकाऱ्याला लेखी कळवायचं. दर चार दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्याचं ‘नवं ठिकाण’ कोणतं? ही अट घर असलेल्या माणसासाठी लिहिलेली आहे आणि फिरस्त्याला ती धड पाळताच येत नाही. अटभंगाला कलम ३० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी भानगड क्षेत्राची आहे. परवाना महाराष्ट्रापुरता असेल आणि तुम्ही मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत शिरलात, तर तिथे तो कागद तुमच्या उपयोगाचा नाही. परिक्रमेचा मार्ग तर या तिन्ही राज्यांतून जातो. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, हेही परवान्याच्या अटींमध्येच आहे. म्हणजे घाटावरचा उत्सव आणि शाळेतला रात्रीचा मुक्काम दोन्ही बाद.

पोलीस ठाण्यातली जमा कायद्याने चोख आहे, शस्त्राच्या तब्येतीला मात्र वाईट. मुद्देमालाच्या खोलीत जप्त तलवारी आणि पंचनाम्याची गाठोडी यांच्यामध्ये तुमची बंदूक चिठ्ठी बांधून उभी राहते. तिला तेल लावणं हे तिथल्या कुणाचंच काम नाही. दोन-तीन आठवड्यांसाठी ठीक, पण एक पावसाळा काढायचा असेल तर नको. परवाना संपला, निलंबित झाला किंवा रद्द झाला, तर मात्र विलंब न लावता ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करणं कलम २१ नुसार बंधनकारक आहे. ठरलेल्या मुदतीत ते सोडवून घेतलं नाही, तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं.

आता गन हाऊस. दुकान निवडताना भाड्याआधी दुकानाच्या परवान्याची मुदत विचारा. तो भिंतीवर लावलेला असतो, पण त्यावरची तारीख कुणी वाचत नाही. त्यात शस्त्रं ठेवून घेण्याची परवानगी आहे का आणि मुदत तुमच्या परतीच्या पुढे जाते का, हे दोन्ही पाहा. मग शस्त्रं ठेवतात ती जागा पाहायला मागा. लोखंडी कपाट किंवा स्ट्राँगरूम, भिंतीला ओल नाही, शस्त्रं एकमेकांवर रचलेली नाहीत, आणि कोकणपट्टीत किंवा मुंबईत असाल तर आर्द्रता ओढून घेणारं यंत्र. हे यंत्र नसलेलं दुकान आम्ही जून ते सप्टेंबरसाठी सुचवणार नाही, मग भाडं कितीही कमी असो. भाडं महिन्याचं की वर्षाचं, काडतुसांचं वेगळं का, मधल्या तेलपाण्याचं वेगळं का, हे पावतीवरच लिहून घ्या. तोंडी ठरलेलं भाडं शस्त्र परत घेताना वाढलेलं असतं.

पावती हा या सेवेचा गाभा आहे. ‘एक रिव्हॉल्वर जमा’ एवढ्या मजकुराची चिठ्ठी स्वीकारू नका. पावतीवर तुमचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, यूआयएन (परवानाधारकाला मिळणारा विशिष्ट ओळख क्रमांक), शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीच्या आतल्या भोकाचं माप), बनावट आणि नळीवर कोरलेला क्रमांक हवा. शिवाय काडतुसांची प्रकारवार संख्या, तारीख, दुकानाचा परवाना क्रमांक, सही आणि शिक्का. शस्त्राचा क्रमांक परवान्यावरून उतरवू देऊ नका, शस्त्र हातात घेऊन वाचायला लावा. जुन्या दुनळीवर नळीचा आणि बॉडीचा क्रमांक कधी वेगवेगळा असतो, आणि एका आकड्याचा फरक नूतनीकरणाच्या वेळी फाईल अडवायला पुरतो. सोबत जोडलेल्या वस्तूही लिहून घ्या: जादा मॅगझिन, साफसफाईचा गज, पेटी. दुकानाच्या रजिस्टरमधल्या नोंदीचा फोटो काढू दिला तर उत्तमच.

पावतीच्या तीन प्रती काढा. एक अर्जासोबत परवाना प्राधिकाऱ्याकडे (आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी), दुसरी आपल्या पोलीस ठाण्यात, आणि दोन्हीकडे पोच घ्यायची. तिसरी घरच्या माणसाकडे. अर्जात किती काळ बाहेर असणार, घर कोण बघणार आणि संपर्क कुठे करायचा, हे साध्या तीन ओळींत लिहा. या तीन ओळी पुढे फार कामाला येतात.

कारण या सगळ्या व्यवहारात सर्वात जास्त माणसं अडकतात ती नूतनीकरणात. शस्त्र जमा आहे म्हणून परवान्याची मुदत थांबत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, त्यामुळे तारीख विसरायला आता भरपूर वेळ मिळतो. अर्ज मुदत संपण्याआधी किमान ६० दिवस करायचा असतो. त्यावर चौकशीसाठी बीटचा अंमलदार पत्त्यावर येतो, दाराला कुलूप दिसतं, शेजारी सांगतात ‘गेले ते फिरायला’, आणि अहवालात ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असं लागतं. त्या एका वाक्याने फाईल महिनोन्‌महिने पडून राहते. ठाण्यात आधीच दिलेला अर्ज आणि त्याची पोच असेल तर याच अहवालात ‘तात्पुरते बाहेरगावी, शस्त्र जमा’ असं येतं. मुदत प्रवासाच्या काळात संपत असेल तर सरळ निघण्याआधी नूतनीकरण उरका. मुदत संपलेल्या परवान्यावर कोणताही शहाणा दुकानदार शस्त्र परत देणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

निवडणुकीच्या काळात ठाण्याकडून शस्त्र जमा करण्याचा निरोप येऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर सरसकट सगळ्यांनी जमा करायचं नसून छाननी समिती व्यक्तिगणिक ठरवते. तुमचं आधीच गन हाऊसमध्ये असेल तर घरच्या माणसाने पावतीची प्रत नेऊन दाखवली की सहसा भागतं.

आता शस्त्राची तयारी. ती घरीच करून न्या, दुकानातला पोऱ्या फडक्याने वरवर पुसतो. आधी रिकामं केल्याची खात्री, दोनदा. मग नळीतून सॉल्व्हेंट लावलेला ब्रश, त्यानंतर कोरडी फडकी शेवटचं पांढरं निघेपर्यंत. शेवटी बंदुकीच्या तेलाचा किंवा ग्रीसचा, रोजच्यापेक्षा जाड थर, नळीच्या आतही. डब्ल्यूडी-४० हा घरोघरी वापरला जाणारा फवारा इथे चालत नाही. ते पातळ असतं, काही आठवड्यांत उडून जातं आणि पोलाद उघडं पडतं. कोकणात खोबरेल लावायची सवय आहे, तेही नको. ते वाळून चिकट होतं आणि घोड्याची हालचाल जड करतं. रिव्हॉल्वरची सहाही घरं आतून पुसून तेलवा, तिथला गंज पटकन दिसत नाही. दुनळी सुटी करून नळ्या आणि दस्ता वेगळे ठेवा, आणि घोडे उतरवायचे ते डमी काडतुसं घालूनच.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा गवसणीत शस्त्र कधीही ठेवून जाऊ नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं धातू खातात. चामडं जिथे जिथे टेकतं, तिथलं ब्लुइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर गंजरोधक थर, उडून तांबूस ठिपके उठतात, आणि ते ठिपके घासून गेले तरी खड्डे राहतात. काडतुसांचंही तेच, चामडी पट्ट्यातल्या पितळेवर हिरवा थर चढतो. काडतुसं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायला द्या, आणि त्यांना तेलाचा हातही लावू नका, तेल बुडाच्या टोपीत (घोड्याचा आघात होतो तिथे) शिरलं की काडतूस फुसकं निघतं. शस्त्राला गंजरोधक व्हीसीआय कागद गुंडाळून, वर सुती पिशवी. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आतल्या आत घाम धरतो.

मुक्काम सहा महिन्यांहून लांब असेल तर मधे एकदा तेल बदलून देण्याचं दुकानाशी ठरवा आणि तारखेसह फोटो मागा. चांगली दुकानं हे आनंदाने करतात. जे ‘काही होत नाही हो, वर्षानुवर्षं पडलीयेत’ म्हणतात, त्यांच्या मांडणीवरची जुनी शस्त्रं एकदा उजेडात पाहा.

परत घेताना मूळ परवाना आणि मूळ पावती घेऊन स्वतः जा. मुलाला किंवा ड्रायव्हरला पाठवू नका. काउंटरवरच क्रमांक जुळवा, काडतुसं मोजा, नळी उजेडाकडे धरून आतून बघा, सिलिंडर फिरवून तो जागेवर पक्का बसतो का ते पाहा. सुटे भाग बदलले गेल्याची तक्रार दुकानाबाहेर पाऊल टाकल्यावर कुणी ऐकत नाही. परत मिळाल्याची नोंद रजिस्टरमध्ये सहीनिशी करा, पावतीवर ‘परत दिले’ आणि तारीख लिहून घ्या, आणि त्याची प्रत ठाण्यात व प्राधिकाऱ्याकडे द्या. ही शेवटची प्रत दिली नाही तर सरकारी दफ्तरात तुमचं शस्त्र अजून दुकानातच असतं. गोळी झाडण्याआधी मात्र नळीतलं ग्रीस पूर्ण काढा, ग्रीस राहिलेल्या नळीत दाब वाढून ती फुगू शकते.