असेटो कोर्सा: बॉनेट उघडून देणारा गेम

एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात बाहेर गाडी काढणं म्हणजे शिक्षाच. त्या वेळात घरबसल्या गाडी नुसती चालवायची नाही, तर खोलून बघायची असेल, तर इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनी कंपनीचा असेटो कोर्सा हा कॉम्प्युटरवरचा कार-रेसिंगचा गेम घ्या. गेम २०१४चा. मूळ गेममध्ये रात्र नाही, पाऊस नाही, चित्रंही आता जुनी वाटतात. तरी त्याच कंपनीच्या २०१९च्या असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेपेक्षा आमचं मत यालाच. कॉम्पेटिझिओने देखणा आहे, पण त्याचं बॉनेट सीलबंद. इथे गाडीचा सगळा स्वभाव साध्या मजकुराच्या फायलींत असतो आणि त्या नोटपॅडमध्ये उघडतात.

गेमचा स्वतःचा मेनू विसरा, आधी कंटेंट मॅनेजर हा त्याच्या जागी वापरायचा वेगळा प्रोग्राम टाका. त्याच्या माहितीच्या पानावर आवृत्तीच्या आकड्यावर पुन्हापुन्हा क्लिक केलं की डेव्हलपर मोड सुरू होतो आणि गाडीच्या पानावर डेटा अनपॅक करायचं, म्हणजे गाडीच्या बंद फायली सुट्या करायचं बटण दिसतं. क्रम महत्त्वाचा: आधी अनपॅक, मग फोल्डरची नव्या नावाने कॉपी. उलटं केलंत तर फसाल, कारण गाडीचा सगळा डेटा बंद करून ठेवणाऱ्या डेटा.एसीडी या फायलीचं कुलूप फोल्डरच्या नावावरच बेतलेलं असतं. कॉपीतली डेटा.एसीडी काढून टाका, नाहीतर गेम तीच वाचतो आणि तुमचे बदल दिसतच नाहीत. आवाज गायब झाला तर एसएफएक्स फोल्डरमधल्या बँक फायलीला (आवाजाच्या फायलीला) आणि जीयूआयडीज या आवाजांच्या यादीत नवं नाव द्यायचं राहिलंय.

खरी मजा इंजिनाच्या ताकदीच्या पॉवर.एलयूटी या फायलीत. प्रत्येक ओळीत आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), उभी रेघ आणि न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क (फिरवण्याचा जोर), बस. हा टॉर्क चाकापर्यंत पोचलेला धरायचा, म्हणून कॅटलॉगातल्या आकड्यातून साधारण १५ टक्के वजा करा. टर्बो गाडीत मात्र भलेभले चुकतात. गेम या आकड्याला एक अधिक बूस्ट (टर्बोचा जादा दाब) एवढ्याने गुणतो. म्हणजे २०० लिहिलंत आणि बूस्ट ०.८ असेल, तर गाडीला ३६० मिळतात. अबार्थ ५०० सारखी छोटी गाडी पहिल्या गिअरमध्ये नुसती चाकं फिरवत बसली, तर आधी हे तपासा. पडताळा सोपा आहे: टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२४, आले मेट्रिक हॉर्सपॉवर. मेनूत दिसणारे आकडे यूआय_कार.जेसनमधले, ते बदलून गाडी पळत नाही. वजन कार.आयएनआयमध्ये, ड्रायव्हर धरून पण पेट्रोल सोडून.

टायरची पकड वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती एकदम दीडपट केली की गाडी वळणावर घसरायची सोडून कलंडते. एका वेळी एकच आकडा, तोही थोडाच, आणि तीच पाच वळणं पुन्हा चालवून बघा. बदललेली मूळ गाडी घेऊन ऑनलाइन गेलात तर सर्व्हर चेकसम (फायली मूळच्याच आहेत का ते तपासणारा आकडा) जुळत नाही म्हणून बाहेर काढतो. म्हणूनच कॉपीवर काम करायचं.

गेमसाठी स्टिअरिंग-पेडलचा संच जोडला असेल, तर स्टिअरिंगमधून हाताला जाणवणारा जोर (फोर्स) जास्त ठेवला की रस्त्याचा तपशील मरतो. गेममधल्या पेडल्स नावाच्या ॲपमधली फोर्सची पट्टी वळणावर सतत लाल होत असेल, तर नमपॅडच्या वजाच्या बटणाने त्या गाडीपुरता जोर उतरवा.

शहाबादी फरशीवर पेडल पुढे सरकतात. खाली सोलापुरी चादर घातली तर पेडलचे दात चादरीत छान रुततात, पण चादरच फरशीवरून निघून जाते! पेडलचा पाया खुर्चीच्या पुढच्या पायांना पट्ट्याने बांधा, किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची फ्रेम करून घ्या. आपल्याकडची धूळ हे दुसरं दुखणं. पाय न लावता ब्रेकची पट्टी थरथरायला लागली, की पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या पोटेन्शियोमीटरमध्ये धूळ गेली समजा. वायर काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, पेडल वीस-तीस वेळा दाबायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पुन्हा कॅलिब्रेशन. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ दुप्पट बसते.